हिरवं पाकीट आणि माझं नाक

३ मार्च

आजपासून लिहायचं ठरवलं आहे. रुआन उस्तादांनी काम सोडताना मला दोन गोष्टी दिल्या. पाइपाला आटे पाडायचं त्यांचं जुनं अवजार आणि एक सल्ला. म्हणाले, "रोज लिहीत जा. आज काय जोडलं, काय तपासलं, कुठे मन खात होतं. इतकी वर्षं तुझ्यावर ओरडायला मी होतो. आता दुकान तुझं. तुझं तुलाच ओरडून घ्यावं लागेल."

तर दुकान. बोर्ड आज लागला: 'फांग गॅसजोडणी. हॉटेलं आणि खानावळींची कामं घेतली जातील.' बी-युन म्हणाली, शेवटची अक्षरं उताराला लागल्यासारखी वाटतात. बायकोला बोर्डावर एवढंच दिसलं.

गेल्या आठवड्यातला ताप पूर्ण उतरला. अंगात ताकद यावी म्हणून तिने आज आलं घालून तिळाच्या तेलातली कोंबडी केली होती. पाणचट. मी विचारलं, "तेल संपत आलंय का?" ती म्हणाली, "अर्धी बाटली ओतलीय! जीभ दाखव." दाखवली. मला वाटतं, बांधलेला पगार गेल्यापासून ती हात आखडून स्वयंपाक करते आहे आणि तसं बोलून दाखवत नाही. मी समजूतदार नवरा आहे. मुकाट्याने दोन वाट्या खाल्ल्या.

पहिलं काम मिळालं आहे. जिएनबाईंचं, आंबवून तळलेल्या वासाच्या टोफूचं दुकान. आजवर रात्रबाजारात गाडी होती, आता चार भिंतींत येतायत. जियायी शहरातल्या सगळ्या गॅसवाल्यांना सोडून त्या माझ्याकडे आल्या, कारण त्यांनी माझ्या नाकाचं नाव ऐकलं होतं. इथल्या लोकांत मी नाकशेठ म्हणून ओळखला जातो. हे मी स्वतःच्या तोंडाने सांगणं बरं दिसत नाही, पण वही माझी आहे. भाजीबाजारामागच्या टर्कीभातवाल्याकडे उस्तादांसकट सगळे सांध्यांना साबणाचं पाणी लावत बसले होते, तेव्हा मी दारातूनच म्हणालो होतो, तिसऱ्या शेगडीमागचा सांधा. तोच निघाला. तेव्हापासूनचं हे नाव.

६ मार्च

दुकान बघून आलो. जागा चांगली आहे. सिलिंडर मागच्या गल्लीत, जाळीच्या कपाटात. मागच्या दारालगत तळणीची शेगडी, तिच्या वर मोठा धूर ओढणारा पंखा. पुढे परतण्याच्या दोन शेगड्या. त्या नव्या आहेत. तळणीची मात्र जुनीच, गाडीवरची.

घोळ इथेच आहे. त्या शेगडीत एक बारीक ज्योत दिवसभर तेवत राहते आणि मोठा जाळ तिच्यावरून पेटतो. नव्या शेगड्यांत बारीक ज्योत विझली की गॅस आपोआप बंद होतो. हिच्यात ती सोय नाही. ज्योत विझली तर गॅस गुपचूप येतच राहणार.

मी म्हणालो, "बाई, उघड्या गाडीवर हे चाललं. चार भिंतींत नको."

"ही नसेल तर मला दुकानच नको," जिएनबाई म्हणाल्या. "नवऱ्याने स्वतः झाळून बनवली होती. तो गेला, पण रोज संध्याकाळी ही पेटली की वाटतं, आलाच."

त्यांची सासू कोपऱ्यात स्टुलावर बसून लसूण सोलत होती. ती मान वर न करता म्हणाली, "माझ्या लेकाच्या हातची आहे. तुझ्या लेकाने केली असती तर दिली असतीस भंगारात?"

मला लेक नाही. तरी मी विरघळलो. नियम काय सांगतो ते मला पाठ आहे. पण गॅस पसरला की वाजणारी घंटा जमिनीलगत बसवतोच आहे, आणि वर माझं नाक आहे. घंटा खालीच लागते, सिलिंडरचा गॅस हवेपेक्षा जड, तो पाण्यासारखा जमिनीवर पसरतो. मन थोडं खात होतं, ते उस्तादांच्या सांगण्याप्रमाणे इथे लिहून ठेवतो आहे.

आणखी एक. मागे खारवणाच्या बरण्या आहेत. त्यांत टोफू आंबत असतो. फरशीवाले कामगार तोंडाला फडकी बांधून काम करत होते आणि मधूनमधून गल्लीत पळत होते. मी अर्धा दिवस त्या बरण्यांशेजारी गुडघ्यावर बसून पाइप मोजले. मला तर वास म्हणावा असा वासच जाणवला नाही. बाईंचं खारवण जमलेलं नाही, असं मला वाटतं. वासाच्या टोफूला वास नसेल तर गिऱ्हाईक कशाला येईल? सांगायचं धाडस झालं नाही. विधवा बाई, सगळी पुंजी घातलेली.

घरी बी-युनला म्हटलं, "बिचारी बुडणार. टोफूला वासच नाही."

ती म्हणाली, "मग तुझा शर्ट मी चिमट्याने धरून गॅलरीत का टाकलाय?"

या बाईला प्रत्येक गोष्टीत विरोध करायचा असतो.

११ मार्च

जोडणी झाली. नळीत हवा भरून दाबाची चाचणी घेतली. काटा हलला नाही. प्रत्येक सांध्याला साबणाचं पाणी, एकही बुडबुडा नाही. हे सगळं मी पद्धतशीर केलं. मग मागचं दार लावून घेतलं, पंखा बंद केला, म्हणजे हवा स्थिर होते आणि नाकाला काम करता येतं. जमिनीला नाक लावून एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत गेलो. जिएनबाई आणि त्यांच्या सासूबाई, म्हणजे आजी, हात जोडून बघत होत्या, जणू पूजाच चालली आहे. काहीही वास नाही. स्वच्छ.

"फांग उस्ताद, झालं?" बाईंनी विचारलं. मला कोणी पहिल्यांदाच उस्ताद म्हटलं. खोटं कशाला बोलू, डोळ्यांत पाणी आलं.

पंचांगात काढलेल्या घटकेला चूल पेटवली. आजींनी चूलदेवासमोर उदबत्त्या लावल्या, एका मुठीत मावणार नाहीत एवढ्या. धूर भरपूर, सुगंध शून्य. हल्लीच्या उदबत्त्यांत नुसता भुसा असतो.

बाईंना शिकवून ठेवलं: घंटा वाजली तर आधी मागे जाऊन सिलिंडर बंद, दारं उघडी, मग मला फोन. त्यांनी तीनदा म्हणून दाखवलं.

१५ मार्च

दुकान उघडलं. रांग वळणापर्यंत! म्हणजे टोफूला वास आहे म्हणायचा? की लोक नवं दुकान म्हणून आले? मला एक बशी फुकट मिळाली, वर कोबीचं लोणचं. टोफू कुरकुरीत होता. बाकी काही सांगता येत नाही.

दुपारी जेवणाची वेळ संपल्यावर चुली बंद करून जिएनबाई आणि आजी पुढे जरा लवंडल्या होत्या, तर घंटा वाजली. बाईंनी शिकवल्याप्रमाणे सिलिंडर बंद केला, दारं उघडली, मला बोलावलं. मी पोचलो तेव्हा सगळं थंड. मागचं दार लावलं, पंखा बंद केला, सिलिंडर उघडला, ज्योत पेटवली, साबणाचं पाणी लावलं, जमिनीला नाक लावलं. काही नाही. ज्योत शांतपणे तेवत होती.

शेजारचा न्हावी दारात येऊन म्हणाला, "मला मघाशी गॅसचा वास आला."

जिएनबाई हसल्या. "माझ्या दुकानात तुला गॅसचा वास वेगळा कळतो?"

"नाही कळत," तो म्हणाला. "पण नेहमीचा घाण वास आणि हा घाण वास, दोन्ही घाण जरा निराळे होते."

सगळे माझ्याकडे बघायला लागले. मी मान हलवली. माझ्या नाकाने नाही म्हटल्यावर न्हाव्याच्या नाकाची काय कथा. तो गेला.

१७ मार्च

परत घंटा. परत दुपारीच. परत गेलो तर काहीच नाही. मला कळेनासं झालं आहे. गळती असेल तर बुडबुडा यायला हवा. बुडबुडा नाही, काटा स्थिर, नाक स्वच्छ. मग ही बया ओरडते कशाला?

१८ मार्च

उलगडा झाला! आंबवलेल्या टोफूची वाफच घंटेला लागत असणार. बिचारं यंत्र, त्याला गॅस कुठला आणि टोफू कुठला काय कळणार. हे उस्तादांना फोनवर सांगितलं. ते म्हणाले, "असेल. नसेलही. हातात धरायचं शोधकयंत्र घेतलंस का?"

"नाक आहे की," मी म्हणालो.

"नाकशेठ, नाकाला हमीपत्र नसतं," ते म्हणाले आणि खोकत बसले.

संध्याकाळी जाऊन मी जे करायचं ते केलं. आपल्याकडे कुठलंही यंत्र कुरकुरायला लागलं की मक्याच्या खाऊचं हिरवं पाकीट आणून त्याच्यापाशी ठेवतात. बँकेत ठेवतात, इस्पितळात ठेवतात, मी तर रेल्वेच्या तिकीटयंत्रावरही बघितलं आहे. हिरवंच हवं. पिवळं ठेवलं तर यंत्र रुसतं, लाल ठेवलं तर धोक्याचा दिवा लागतो. खायचं तर मुळीच नाही. मी कोपऱ्यावरून मोठ्यातलं मोठं हिरवं पाकीट आणलं आणि घंटेपुढे भिंतीला टेकवून नीट उभं केलं. ते पुढे घसरत होतं म्हणून चिकटपट्टीही लावली. आजींनी त्याला नमस्कार केला.

२१ मार्च

तीन दिवस घंटा गप्प. जिएनबाईंनी फोन करून आभार मानले. मी म्हटलं, अहो, यंत्रालाही माया लागते.

घरी मात्र सगळं बिघडत चाललं आहे. आज बी-युन बाजारात गेली होती, मी टेबलाशी बसून पुढच्या कामाचा आराखडा काढत होतो. शेगडीवर तिने हाडांचं सार ठेवलं होतं. ती आली ती किंचाळतच. घरभर जळका वास भरला होता म्हणे. सार आटून हाडं कोळसा झाली होती. मी तिथून दोन पावलांवर होतो, पाठमोरा. मला पत्ताच नाही.

"तुला वास आला नाही?"

"मी कामात होतो."

"कामात! नाकशेठ ना तू?"

मग तिने मी सकाळी प्यायलेल्या सोया दुधाचा पेला हुंगला आणि तोंड वाकडं केलं. "हे तर नासलंय." मी ते सगळं संपवलं होतं. म्हणूनच पोट बिघडलं होतं की काय. ती बराच वेळ माझ्याकडे बघत राहिली. रागावली नाही. हे मला जास्त विचित्र वाटलं. रागावली असती तर मला काय करायचं ते माहीत होतं.

२४ मार्च

जिएनबाई म्हणाल्या, दुपारी आडवं झालं की डोकं जड होतं. आजींचंही होतं. मी म्हटलं, तेलाच्या कढईपुढे दिवसभर उभं राहिल्यावर कुणाचं होणार नाही? पंखा चालू ठेवत जा. त्या म्हणाल्या, "पंखा कधी बंदच नसतो. जरा थांबवला की न्हावी भांडायला येतो, दुकानभर वास जातो म्हणून. मागचं दारही उघडंच असतं वाऱ्याला."

तरी मी एकदा सगळं तपासलं. दार लावलं, पंखा बंद केला, साबणाचं पाणी, नाक. काही नाही. काही म्हणजे काही नाही.

येताना मला सारखं वाटत होतं की काहीतरी नजरेआड होतंय. काय ते कळत नाही. डोक्यात भुसा भरल्यासारखं झालं आहे. उस्तादांकडे जाऊन विचारावं का? पण पहिल्याच कामाला जाऊन विचारायचं, मग बोर्ड कशाला लावला?

२६ मार्च

आज लिहिलंच पाहिजे.

दुपारी आजींचा फोन आला. त्या स्वतः फोन करत नाहीत. म्हणाल्या, "अरे पोरा, तुझ्या त्या पाकिटावरची तारीख उलटून गेलीय. आज पुसताना बघितलं. मुदत संपलेलं पाकीट उलटं काम करतं, माहीत आहे ना तुला?"

माहीत आहे. सगळ्यांना माहीत आहे. मला भयंकर लाज वाटली. आणताना तारीख बघायची असते, हे शाळेतल्या पोरालाही कळतं. कोपऱ्यावरच्या दुकानदाराने मला जुना माल दिला होता. ताजं पाकीट घेऊन लगेच गेलो. दुपारची विश्रांतीची वेळ होती. चुली बंद. पंखा वर घोंघावत होता. मागचं दार सताड उघडं, गल्लीतला वारा थेट आत. आजी स्टुलावर लसूण सोलत होत्या. जिएनबाई पुढे पेंगत होत्या.

मी खाली बसलो आणि जुनं पाकीट काढलं. घंटा किंचाळायला लागली.

ताजं ठेवलं. गप्प झाली.

मी थक्क झालो. परत काढलं, किंचाळली. परत ठेवलं, गप्प. खरं सांगतो, मी हसलो. म्हटलं, "आजी, बघा! काय ताकद आहे या पाकिटात!" आणि त्यांना दाखवायला तिसऱ्यांदा काढलं आणि ठेवलं.

आजींनी लसूण खाली ठेवला. म्हणाल्या, "ताकद कसली? तू तिचं तोंड दाबतोयस. माणसाच्या तोंडावर उशी ठेवली तर माणूसही गप्प होईल."

मी पाकीट हातात धरून बसलो होतो. घंटेला जाळी असते, हवा आत जायला. पाकिटाचं फुगलेलं पोट बरोबर त्या जाळीवर बसत होतं. मीच चिकटपट्टीने घट्ट बसवलं होतं. मग घंटा बिघडली नव्हती का? पण मग गॅस कुठे होता? मी खोल श्वास घेतला. जमिनीला नाक लावून घेतला. काही नाही. कोरी हवा. घंटा ओरडतेय, नाक नाही म्हणतंय. मला कळेना कुणाचं ऐकू. लिहायला लाज वाटते, पण पहिला विचार आला तो हाच की नाकाचं.

तेवढ्यात आवाजाने जिएनबाई उठून आल्या. डोळे चोळत म्हणाल्या, "संध्याकाळचं तेल तापवायला घेते." आणि लांब दांड्याचा लायटर घेऊन तळणीकडे वाकल्या.

मी बघितलं. वाकलेल्या त्यांच्या हाताच्या पलीकडे शेगडीत ती बारीक ज्योत नव्हती.

"थांबा! हात मागे!" मी ओरडलो. इतक्या जोरात मी आयुष्यात ओरडलो नसेन. त्या दचकून जागीच थिजल्या, लायटर तसाच हातात. "पेटवू नका. काही चालू करू नका, बंद करू नका. पंख्याच्या बटणालाही हात नको, ठिणगी उडेल. आजींना घेऊन पुढून बाहेर व्हा. न्हाव्यालाही बाहेर काढा."

मी मागे धावलो आणि सिलिंडर बंद केला. मग गल्लीत भिंतीला टेकून उभा राहिलो. वारा दारातून आत जात होता. आतली घंटा बराच वेळ ओरडली आणि मग दमल्यासारखी थांबली. काही झालं नाही. खरंच काही झालं नाही. एवढंच लिहिताना मला रडू येतं आहे.

सगळं निवल्यावर, पंखा चालू आणि मागचं दार उघडं ठेवून, मी ती बारीक ज्योत पेटवून बघितली. वारा दारातून आला, पंख्याने वर ओढला, शेगडीच्या पोटातून गेला. ज्योत वाकली, बारीक झाली, विझली. साधी फुंकर मारल्यासारखी. गॅस मात्र सू सू येत राहिला, तो मी लगेच बंद केला. गळती सांध्यात नव्हतीच, साबण काय दाखवणार? दरवेळी मी आधी दार लावायचो, पंखा थांबवायचो आणि मग तपासायचो. माझ्या चाचणीत दुकान कधी चालूच नव्हतं. आणि मी शिकवल्याप्रमाणे बाई सिलिंडर बंद करायच्या, त्यानेही ज्योत विझतेच, म्हणून ती आधीच वाऱ्याने विझली होती हे मला कधी दिसलंच नाही. एरवी संध्याकाळी विझलेली दिसली की बाई लायटरने परत पेटवायच्या, गाडीवर वाऱ्यात पेटवायच्या तशीच.

रस्त्यावर न्हावी, जिएनबाई आणि आजी उभे होते. मी सांगितलं काय झालं ते. मग आजी म्हणाल्या, "मला रोज दुपारी येत होता तो वास. लसणासारखा, कुजक्या कोबीसारखा. आमच्या टोफूचा नाही, हे मला कळत होतं. साठ वर्षं हुंगतेय मी टोफू."

"मग बोलला का नाहीत, आजी?"

"तू जमिनीवर लोटांगण घालून सांगायचास, काही नाही. तुझं एवढं नाव. मी म्हटलं, माझंच नाक म्हातारं झालं असेल."

मी आत गेलो. खारवणाच्या बरणीचं झाकण काढलं आणि तोंड आत घातलं. जिएनबाई मागून ओरडल्या, "अहो उस्ताद, मराल!" मी पुन्हा पुन्हा श्वास घेतला. डोळ्यांना झोंबलं, पाणी आलं. वास आला नाही. तिळाचं तेल, उदबत्त्या, कोळसा झालेली हाडं, नासलेलं दूध. सगळं एका ओळीत उभं राहिलं. मी बरणीला धरून तिथेच बसलो.

२७ मार्च

डॉक्टर म्हणाले, तापाने होतं असं. परत येईल कदाचित, कदाचित नाही. गोळ्या दिल्या नाहीत. रोज ओळखीचे चार वास हुंगत जा म्हणाले, व्यायाम म्हणून.

बी-युनला सांगितलं तेव्हा ती म्हणाली, "मला हाडं जळली त्या दिवशीच कळलं."

"मग बोललीस का नाहीस?"

"काय बोलू? तुझ्याकडे तेवढंच होतं. दुकानाचा बोर्ड नुकताच लावलेला. मी आपलं तेल वाढवत गेले." ती हातातल्या फडक्याने डोळे पुसत होती. "तू कुणाच्या घरात काय जोडून ठेवतोयस, हा विचार माझ्या मनात आला नाही. यायला हवा होता."

मी तिच्यावर रागावू शकलो नाही. ती गप्प बसली, आजी गप्प बसल्या, न्हावी एकदा बोलून गप्प बसला. सगळे माझ्या नाकाचा मान ठेवत होते.

उस्तादांना फोन केला. वाटलं, ओरडतील. ते म्हणाले, "ज्योतीची सोय नसलेली शेगडी जोडलीस, त्यासाठी संध्याकाळी येऊन ओरडतो. नाकासाठी नाही ओरडत."

आले आणि ओरडले. गल्लीत सगळ्यांसमोर. बरं वाटलं.

२ एप्रिल

जिएनबाईंना सगळं सांगून म्हटलं होतं, दुसरा माणूस बघा, मी काम खराब केलं आहे. त्या म्हणाल्या, "दुसऱ्याला परत पहिल्यापासून सगळं समजावू? आणि तुम्ही ओरडलात म्हणून माझा हात थांबला. पूर्ण करा."

मी अट घातली. जुनी शेगडी जोडणार नाही, कुणी कितीही रडलं तरी. आजी रडल्या. मी हललो नाही. नवऱ्याने झाळलेली ती शेगडी आता मागच्या भिंतीशी आहे, नळीपासून तोडलेली, आणि तिच्यावर खारवणाच्या बरण्या ठेवल्यात. आजी रोज तिला पुसतात. लेक आता टोफू सांभाळतो, असं म्हणतात.

तळणीची नवी शेगडी बसवली. ज्योत विझवून बघितली, गॅस आपोआप तुटला. पुन्हा विझवली, पुन्हा तुटला. मग पंखा चालू, मागचं दार सताड उघडं, कढई उकळती, गर्दीची वेळ, असं सगळं चालू ठेवून तपासलं. हातातलं शोधकयंत्र फिरवलं. घंटेची जाळी पुसली, तिच्यापुढे काही ठेवायचं नाही अशी पाटी लावली. आणि शेवटी मी उभा राहून मोठ्याने विचारलं, "कुणाला काही वास येतोय का? कुठलाही. वेडा वाटला तरी सांगा. माझ्या नाकाला वास येत नाही."

हे वाक्य गिऱ्हाइकांसमोर म्हणताना कान तापले. न्हावी म्हणाला, "टोफूचा येतोय, दुसरा नाही." आजी म्हणाल्या, "दुसरा नाही." मग मी सही केली.

निघताना आजींनी माझ्या हातात हिरवं पाकीट दिलं. "उशाशी ठेव. तुझं नाकही एक यंत्रच आहे. तारीख बघून घेतलीय मी."

घरी येऊन ते उशाशी ठेवलं, नाकापासून लांब. बी-युन स्वयंपाक करत होती. मी खुर्ची ओढून तिच्याजवळ बसलो आणि विचारलं, "आता घरात कसला वास येतोय?"

ती आधी हसली. मग तिने डोळे मिटले आणि सांगायला लागली. आलं परततंय त्याचा. तांदळाची वाफ. खालच्या मजल्यावर कुणीतरी मासे तळतंय. तुझ्या शर्टाला टोफू.

"अजून?" मी म्हणालो.

"अजून काही नाही," ती म्हणाली. "गॅस नाही."